साइमीने धरलेली नाडी

साइमी,

घाबरू नकोस, मी दवाखान्यात जातोय. शनिवारी सौनाच्या गरम वाफेच्या खोलीत शिरताना माझी नाडी धरून तू म्हणालीस, "आजोबा, ठोके अडखळतायत, पायही सुजलेत. आज आत जायचं नाही!" मी डाफरलो, तरी तू दारातून हलली नाहीस. तुझंच बरोबर होतं. ठोक्यांची लय बिघडली की हृदय थकतं, मग पायांत पाणी साचतं. आणि थकलेल्या हृदयाची लय आणखी बिघडते. नाडी मोजायला मी शिकवलं, पण पायांकडे बघायला तुझी तूच शिकलीस. शाब्बास!

आज गुरुवार, नेहमीसारखं वाटाण्याचं सूप केलंय, ते गरम करून घे.

आडवं झालं की धाप लागते, म्हणून तीन रात्री मी खुर्चीत बसून झोपलो. हे तुझ्यापासून लपवलं होतं. आज दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोनवर तेही सांगून टाकलं.

तौनो आजोबा