दारं कुणाच्या हातात होतं

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज बारामतीच्या एका कॉलेजात भर बैठकीत तुमचं, माझ्या बापाचंच वाक्य उपयोगी पडलं. पेपरातली नोकरी संपल्यापासून मी तिथल्या तक्रार समितीवर बाहेरची सदस्य आहे. पणदऱ्याकडच्या एका मुलीवर तिच्याच वर्गातल्या मुलानं अभ्यासिकेमागच्या बोळात जबरदस्ती केली. चौकशी सुरू झाली, पण मुलगा रोज कॉलेजात. ती आणि तिचे वडील समोर बसलेले असतानाच प्राचार्य म्हणाले, "तूर्त मुलींसाठी अभ्यासिका पाचला बंद करू. त्यांच्याच काळजीपोटी."

"केलं त्यानं, आन् बंद मी व्हायचं?" मुलगी म्हणाली.

"गप बस गं," वडील म्हणाले. "सर, परीक्षेपुरती आणतो हिला. बाकी घरीच ठिवतो."

तिचं शिक्षण तिथंच, त्या टेबलावर संपत होतं. आणि मला इंदापूरकडचं आपलं रान दिसत होतं. उसाला पाणी चाललंय. दादा दारं धरतोय, म्हणजे पाटाचं तोंड उघडून-बुजवून पाणी सरीसरीत वळवायचं काम त्याच्याकडं, पण तो ते सोडून बांधावर मित्रांशी गप्पा मारतोय. पाट फुटतो, पाणी शेजारच्या तात्यांच्या कांद्यात शिरतं. तात्या ओरडत येतात, "कांदा काय पवायला लावलाय व्हय?" दादा म्हणतो, "पाणीच लय जोरात आलं." तुम्ही आवाज न चढवता विचारता, "पाण्याला अक्कल न्हाय. दारं कुणाच्या हातात हुतं?" कांदा दुसरीकडं लावा, असं तुम्ही तात्यांना सांगितलं नाही. दादालाच चिखलात उतरवलंत, चर काढायला.

तेच मी विचारलं. "सर, बोळ तुमचा, मुलगाही तुमच्याच हजेरीपटावरचा. दारं कुणाच्या हातात होतं?" प्राचार्य शेतकऱ्याच्या घरातले. आधी हसले, मग हसायचे थांबले. चौकशी संपेपर्यंत मुलाला आवारात बंदी, बोळात दिवे, अभ्यासिका सगळ्यांना आठपर्यंत, आणि कसं वागायचं ते मुलींच्या आधी मुलांना बसवून सांगायचं, असं ठरलं. वडील तरी घुटमळत होते. शेवटी म्हणाले, "मी रोज न्यायला यीन."

"या," मुलगी म्हणाली. "पण आठला या."

एक मात्र तुम्हाला विचारायचं राहिलं, आबा. मी कॉलेजला असताना फाट्याच्या पुलावर बसलेली पोरं वाट्टेल ते बोलायची. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "आधीच्या एस्टीनं येत जा." शेवटचं प्रॅक्टिकल सोडून मी येत राहिले. त्याच पुलावर दादाही बसायचा. त्याला तुम्ही काही विचारलं नाहीत. कांद्याचा न्याय पुलापर्यंत पोचला नाही. राग नाही. असतात तर चहा पुढ्यात ठेवून विचारलं असतं, एवढंच.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. घरी आल्यावर पुण्यातल्या लेकीला फोन केला, "रूमवर पोचलीस का?" पोचली होती. मग मुलाला केला. तोही तिथंच शिकतो. त्याला मी नेहमी विचारते, जेवलास का. आज त्या पुलाबद्दल, बोळाबद्दल बरंच बोलायचं ठरवलं होतं. जेवलास का, एवढंच विचारून ठेवला.