देव्हाऱ्यातला पिस्टन

अहो,

भाकरी दुरडीत हाय, पिठलं चुलीवर. मोटरसायकल दारात दिसली न्हाय म्हणून गल्लीभर बोंबलत फिरू नका. मीच नेलीय.

परवा पिंपळीच्या वळणावर तुमी उसाच्या ट्रॉलीवर आदळला आन् वैष्णवीची हनुवटी फुटली. दवाखान्यात आत पोरीला टाके पडत होते आन् तुमी बाहेर सांगत होता, "ट्रॉलीवाल्यानं मधीच थांबवली." व्हय, त्याचंच चुकलं!

आज तुमी पारावर गप्पा हाणत बसला तवा माझ्या संभादादानं पुढचा ब्रेक खोलला. चाकाची चकती आवळणारा आतला पिस्टन असा जाम, की ठोकून हलंना. शेवटी ट्रॅक्टरला वंगण भरायची ग्रीसगन ब्रेकच्या तेलाच्या भोकाला लावून दोघं दाबत बसलो, तवा कुठं बाहेर आला. भवती काय होतं ठावं हाय? गंज आन् हळदीकुंकवाचा लगदा. खंडेनवमीला तांब्याभर पाणी ओतून पूजा करायची, हार घालायचा, "आमच्या आबांची जपानी गाडी" म्हणून मिरवायचं, आन् वर्षभर फडकं मारायचं न्हाय. ब्रेक लागत न्हाय म्हणलं, तर "बायकांना काय कळतंय त्यातलं?"

दादानं दुसरा पिस्टन बसवलाय. आता बोटानं दाबलं तरी गाडी थांबती. तीच घेऊन वैष्णवी आन् मी दादाच्या मागं बसून माझ्या माहेरी भवानीनगरला निघालोय. न्यायला येऊ नका.

जुना पिस्टन देव्हाऱ्यात ठेवलाय. पूजेची एवढी हौस हाय, तर रोज त्याला कुंकू लावा.

मनिषा