‘दार हलकेच लोट’ आणि धर्मराजची आरोळी

सानपाडा, नवी मुंबई
७ डिसेंबर १९९७

तीर्थस्वरूप ज्योतिबामामा,

आपल्या पायांवर डोकं ठेवतो. (डाव्या पायावर. उजव्याचा गुडघा दुखतो असं मामींनी कळवलं आहे.) वैशालीने पाठवलेलं तेल आपण लावत असालच. लावत नसाल, तर निदान बाटली थोडी रिकामी करून ठेवावी, कारण संक्रांतीला ती तिकडे येणार आहे आणि बाटली बघितल्याशिवाय राहणार नाही. मामींचा खोकला, म्हशीचं दूध आणि शेजाऱ्यांशी चाललेला बांधाचा वाद ही तिन्ही कशी आहेत ते सवडीने लिहावं. आम्ही सगळे ठीक आहोत. पाणी येतं. एकाच वेळेला येतं, पण येतं.

मी पाठवलेली कॅसेट आपण शेवटपर्यंत ऐकलीत, हे वाचून फार बरं वाटलं. माझ्या माहितीत शेवटपर्यंत जागं राहून ती ऐकणारे आपण दुसरेच. पहिला मी. आपण विचारलं आहे की तिसऱ्या गाण्यात मधेच ओरडणारा तो माणूस कोण, आणि माझं त्याच्याशी भांडण झालं होतं का. भांडण नव्हतं. त्या माणसाचं नाव धर्मराज, तो आपल्याच जिल्ह्यातला आहे, आणि त्याची हकिगत पोस्टकार्डात मावणार नाही म्हणून हे पत्र.

माझा कॉलेजातला मित्र सुधीर आपल्याला आठवत असेल. (आपल्याकडे हुरड्याला आला होता आणि गूळ कुठून विकत आणता असं विचारत होता, तो.) त्याला टीव्हीवर तेरा भागांची मालिका मिळाली. ‘तिसऱ्या मजल्यावरची माणसं’ असं नाव. त्यात एक कुटुंब तिसऱ्या मजल्यावर राहतं आणि सोसतं. नायिकेला फार वाईट वाटलं की ती खिडकीत जाऊन खाडीकडे बघते, आणि तेव्हा मागे गाणं लागतं. ती खिडकीत फार वेळा जात असल्यामुळे गाणी बरीच लागणार होती. सुधीर म्हणाला, शब्द तुझे, चाल तुझी, आवाजपण तुझा, एकदम हळुवार पाहिजे बॉस, बाईच्या डोळ्यातलं पाणी हललं नाही पाहिजे. मामा, मी आजवर कंपनीच्या गॅदरिंगला आणि सोसायटीच्या सत्यनारायणाला गात आलो, आणि दोन्ही ठिकाणी लोक जेवणाकडे बघत माझं गाणं ऐकत आले. माझा आवाज मुळात हळुवार आहे हा दोष नसून गुण आहे, असं पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं. मी रजा टाकली आणि आठ गाणी लिहिली.

स्टुडिओ मिळेना. मिळाला तो आम्हाला परवडेना. शेवटी सुधीरने आपल्या सासऱ्यांचा तुर्भ्याच्या मार्केटातला कांद्याचा गाळा ठरवला. हसू नये. छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या असल्या की आवाज घुमत नाही, हे खरंच आहे. मार्केटला सुट्टी असते म्हणून रविवार निवडला, पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं, आणि मी दोन थप्प्यांच्या मधल्या बोळात स्टुलावर बसून गायलो. पहिल्याच कडव्याला माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते सगळी गाणी संपेपर्यंत वाहत होतं. (एका साप्ताहिकात आलं आहे की गायकाच्या आवाजात एक सच्चा ओलावा जाणवतो. कात्रण सोबत जोडलं आहे. गावात दाखवताना कांद्याचं सांगू नये.)

‘दार हलकेच लोट’ हे गाणं सर्वांत शेवटी घेतलं. ते माझं आवडतं. ‘दार हलकेच लोट, सांज निजली उंबऱ्यात, मी अजून उभा आहे तुझ्या येण्याच्या वाटेत.’ ही ओळ दुसऱ्यांदा म्हणताना मी ‘वाटेत’वर इतका हलका सूर लावला की मलाच तो जेमतेम ऐकू आला. त्या क्षणी अर्ध्या शटरखालून, पाठीवर पोतं घेतलेला, वाकलेला एक माणूस आत आला आणि ओरडला, “एऽऽ बाजूऽऽ!”

नाशिकहून येणारा ट्रक वाटेत पंक्चर झाल्यामुळे शनिवारऐवजी रविवारी पोचला होता. त्या माणसाची काही चूक नाही. वाटेत खरोखरच मी उभा होतो, म्हणजे बसलो होतो. गाणं तसंच पुढे रेटून संपवलं. पुन्हा पहिल्यापासून गायला गेलो, तर कांद्याने घसा पुरता धरला होता. टेप दुसऱ्या दिवशी पोचती करायची होती. सुधीर म्हणाला, “टेन्शन नको घेऊस, कोणाला ऐकू येणार नाही.” मामा, हा माणूस चित्रपट काढणार आहे म्हणे.

चौथ्या भागात नायिकेचा नवरा तिला न सांगता परगावी जातो, ती खिडकीत उभी राहते, गाणं लागतं, आणि खाडीच्या दिशेने आवाज येतो, “एऽऽ बाजूऽऽ!” नायिका दचकत नाही, कारण तिने ते शूटिंगच्या वेळी ऐकलेलंच नव्हतं. महाराष्ट्र मात्र दचकला. दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या जिन्यात पोरं हेच ओरडत होती. ऑफिसात मी फाईल घेऊन साहेबांच्या केबिनकडे निघालो की दोन्ही बाजूंच्या टेबलांवरून ‘बाजू’ होऊ लागलं. कॅसेट निघाली ती याच गाण्याच्या नावाने, आणि कळंबोलीच्या ट्रकवाल्यांनी तर ती इतकी घेतली की दुकानदाराने बाहेर पाटी लावली, ‘बाजूवाली कॅसेट आली आहे.’ बाकीची सात गाणी कोणी ऐकली असतील तर ती कॅसेट मागे फिरवायचा कंटाळा आला म्हणून. मी वैशालीला म्हटलं, इतकी वर्षं जपलेल्या आवाजाला लोकांनी पायरी केलं आणि वर दुसराच चढला. ती म्हणाली, “पायरी तर झालात. इतके दिवस तेवढंपण नव्हतं.” तिचा हेतू धीर देण्याचा असावा.

मग सुधीरने वाशीच्या नाट्यगृहात मालिकेच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला आणि धर्मराजला शोधून काढलं. तोवर मार्केटात त्याची कीर्ती झालीच होती. माणूस साधा, उंचापुरा, चार शब्दांत बोलणं संपवणारा. पण सत्काराचा नारळ हातात पडल्यावर त्याच्यात फरक पडला. गळ्याभोवती मफलर आली. आंबट सोडलं. मार्केटात पोतं उचललं की ओरडण्याचं काम तो जोडीदाराला सांगू लागला, कारण कार्यक्रमाआधी घसा खर्चायचा नव्हता. मला सांगतो, “साहेब, आपल्याला आता जपून राह्याला पायजे.” आपल्याला म्हणजे त्याला आणि मला.

कार्यक्रमाच्या दिवशी नाट्यगृह भरलं होतं. वैशाली पहिल्या रांगेत. मागच्या रांगांत धर्मराजच्या हमालटोळीतली मंडळी, पांढऱ्या टोप्या घालून. मी गात होतो आणि लोक घड्याळं बघत होते. ‘दार हलकेच लोट’ सुरू झालं तेव्हा सगळे एकदम सावरून बसले, आणि मामा, हे माझ्यासाठी नाही हे ठाऊक असूनही अंगावर काटा आला. धर्मराज विंगेतून माझ्याजवळ येऊन उभा राहिला, मफलर सैल केली, छाती भरून घेतली. ‘तुझ्या येण्याच्या वाटेत’ म्हणून मी थांबलो.

धर्मराज ओरडला नाही.

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, तोंड अर्धवट उघडं, दोन्ही हात खाली. विंगेतून सुधीर हाताने खुणा करत होता. मला काय करावं सुचेना म्हणून मी पुढचं कडवं गायलो. त्या पुढच्या कडव्याला आजवर कोणी पोचलंच नव्हतं. ‘दिवा मी लावला नाही, तुला पाहील कोणीतरी’ या ओळीला एवढी शांतता होती की पडद्यामागे कोणीतरी चहा ओतत होतं ते ऐकू आलं. मी माझा तोच नेहमीचा हलका सूर लावला आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. जाताना मला कळला. गाणं संपलं. मग मागून एका टोपीवाल्या गृहस्थांनी नाक शिंकरलं, आणि त्यानंतर टाळ्या पडल्या त्या बराच वेळ. (पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी वैशालीला विचारलंच की ‘बाजू’ मध्यंतरानंतर आहे का.)

सुधीर आत धर्मराजवर तुटून पडला. धर्मराजने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “कसं वरडायचं हो? गानं चाललं हुतं.” नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, “येवढं पुढं बी हाय व्हय ते?” त्याने ते पुरतं कधी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी तो ओरडून पोतं टाकून निघून गेला होता, आणि पुढे त्याला सगळ्यांनी तेवढाच तुकडा ऐकवला होता.

इथे हकिगत संपती तर मी आपला वेळ घेतला नसता. पण धर्मराजला गाण्याचा नाद लागला. दर रविवारी तो आमच्याकडे येऊन बसतो, वैशालीला वहिनी म्हणतो आणि एकेक गाणं घोटून जातो. त्याचे दुष्परिणाम मार्केटात झाले. पाठीवर पोतं असतानाही तो आता ‘दार हलकेच लोट’ गुणगुणत चालतो, आणि हलकेच म्हटलेलं ऐकून मार्केटात कोणी बाजूला होत नाही. एका व्यापाऱ्याला त्याचा धक्का लागून तो गृहस्थ टोमॅटोच्या क्रेटमध्ये बसला. टोळीचे मुकादम देवजी परवा चपला काढून आमच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तर येईनात. हात जोडून म्हणाले, “साहेब, आमचा मानूस बिघडलाय. त्याला पयल्यासारखा करून द्या.” माझ्या गाण्याने कोणी बिघडेल अशी आशा मी कधीच सोडली होती, मामा. मी त्यांना चहा दिला, गंभीर चेहऱ्याने ‘बघतो’ म्हटलं, आणि ते गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ हसलो. वैशाली म्हणते मी रडत होतो. असेलही.

असो. पत्र लांबलं. चष्मा काढून थोडी विश्रांती घ्यावी आणि मामींना नमस्कार सांगावा.

आपल्या लोभातला,
श्यामसुंदर

ता. क. – एक सांगायचं राहिलं. सुधीर दुसरी कॅसेट काढतो आहे. गाणी माझीच, पण गाणार धर्मराज. माणूस गातो बरा. माझ्यापेक्षा बरा गातो, असं वैशालीने सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मात्र कॅसेट कंपनीवाले म्हणतात की लोकांना आता सवय झाली आहे, प्रत्येक गाण्यात एक आरोळी पाहिजेच. धर्मराज ओरडायला तयार नाही, कलावंताला शोभत नाही म्हणतो. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं आहे. गच्चीवर जाऊन प्रयत्न केला. वाळत घातलेले कपडे काढणाऱ्या एक बाई मागे वळून म्हणाल्या, “काही म्हणालात का?” ज्वारीची राखण करताना आपण शेतातल्या माळ्यावरून पाखरांना जी हाळी घालता ती नदीपलीकडे ऐकू जाते, असं आई सांगायची. शनिवारच्या एस.टी.ने येतो आहे. ती मला शिकवावी.

ता. क. २ – आसपास कोणी नसेल असं शेत बघून ठेवावं. पहिल्या दिवशी मला लाज वाटेल.