दुपारचा दिवा

नाना, “दिवा चालूच ऱ्हाऊ दे, बेटा. भार ऱ्हाय म्हंजे यंत्र जळत नही,” असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. आज सकाळपासून माझ्या डोक्यात तेवढंच चाललं आहे. वैशाखातली भर दुपार होती. शहाद्याच्या वाटेवर तुम्ही मोटारसायकल निंबाखाली थांबवली होती, इंजिन धडधडत होतं, आणि बाजूला जोडलेल्या पेटीत मी औषधांची बॅग मांडीवर घेऊन बसले होते. त्या पेटीला गावानं डोली नाव ठेवलं होतं. विधवा सून डोलीत बसून सासऱ्याबरोबर गावोगाव हिंडते म्हटल्यावर बायकांना आठवडाभराचं बोलायला मिळालं होतं. पुढचा दिवा रात्रीपासून तसाच जळतो आहे असं वाटून मी त्याचं बटण फिरवायला हात लांब केला, आणि तुम्ही मला थांबवलंत.

मग तिथंच, उन्हात, तुम्ही मला समजावून सांगितलंत. बाळंतपणाची बोलावणी बहुतेक रात्रीची, म्हणून डायनॅमो जास्त वीज देईल असा लावून घेतलेला. वीज बंद करायचा खटका पहिल्याच पावसाळ्यात निकामी झाला, तो पुन्हा कुठं मिळाला नाही. दिवसा लांबचा पल्ला असला की ती वीज जाणार कुठं? बॅटरी भरली की तिचं पाणी उकळतं, आटतं, मग डायनॅमो तापतो आणि शेवटी आतली तार जळते. म्हणून दिवसाही दिवा. तेवढी वीज त्यानं खायची. तुम्ही शाळेत शिकवल्यासारखं सांगत होतात आणि मी मान हलवत होते. त्या वयात मला सगळ्यालाच मान हलवायची सवय होती.

नंदुरबारला मिरचीच्या बाजारातून गाडी गेली की ठसक्यानं डोळ्यांना पाणी यायचं आणि वर लोकांची बोलणी. एक अडत्या गादीवरून ओरडायचा, “काय डाक्टर, दिवाळं काढं का? दुपारले दिवा लाई फिरी ऱ्हायनात!” त्यांच्यात बुडालेला व्यापारी दुकानात दिवसाढवळ्या दिवा लावून ठेवायचा. येणाऱ्यानं समजून घ्यावं, इथं आता द्यायला काही उरलेलं नाही, परत जा. तुम्ही गाडी हळू करून म्हणायचात, “दिवाळं गाडीनं काढं, शेठ. मी नुसता हाकस.” सगळी पेठ हसायची. सासूबाईंना मात्र ते लागायचं. “लोके हासतस. एवढा दिवा बंद करा ना,” असं त्या ताट वाढताना म्हणायच्या, आणि तुम्ही भाकरी मोडत राहायचात.

त्याच स्वयंपाकघरातली दुसरी गोष्ट. पावसाचं पाणी तुम्ही काचेच्या बरणीत धरून ठेवायचात, बॅटरीसाठी. आपल्या विहिरीचं पाणी खारं, ते बॅटरीला चालत नाही. मला ते ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की पावसाच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते. विहिरीच्या पाण्यात ती दुपारपर्यंत टणक राहायची आणि बोल मला लागायचे. म्हणून एक दिवस मी बरणीतलं निम्मं पाणी डाळीला घातलं. तुम्ही जेवलात, बोटं चाटलीत, मग बरणीकडे पाहिलंत. “आज दाय मस्त शिजनी, बेटा. पन बॅटरी उपाशी ऱ्हायनी.” एवढंच. तुमचं रागावणं ते. मी चुलीकडे तोंड करून रडले होते आणि मग हसलेही होते. मानमोडीच्या साथीत तुमचा मुलगा गेला, त्यानंतर त्या घरात मी पहिल्यांदा हसले, हे बहुधा तुमच्याही लक्षात आलं असावं. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही दोन बरण्या धरल्यात. एक बॅटरीची, एक डाळीची.

तुमचा मुलगा गेल्यावर मी मागच्या खोलीत बसून असायची. ज्वारी निवडायची, निवडलेली पुन्हा निवडायची. तुम्ही मला तिथून उठवलंत, धुळ्याला सुइणीचं काम शिकायला पाठवलंत आणि परत आल्यावर त्या डोलीत बसवलंत. नात्यातली माणसं घरी येऊन बसली तेव्हा तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि दारापर्यंत पोचवून आलात. निंबाखालचं ते वाक्य तुम्ही गाडीबद्दल म्हणालात, माझ्याबद्दल नव्हे. पण मी ते माझ्याबद्दलच ऐकलं. अजून ऐकते.

तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली. गाडी गोठ्याशेजारी पडून होती. मी बैलगाडीनं जायची, चालत जायची, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर जायला कुणाच्या तरी घोड्यावरही बसले. आता धाकट्या भाऊजींचा मुलगा डॉक्टर होऊन आला आहे. त्यानं हौसेनं गाडी बाहेर काढली, नवी बॅटरी घातली. पुढच्या दिव्याचा बल्ब फुटलेला होता, तो त्यानं बदलला नाही. “मोठी माय, आपुन दिवसाच जातस. दिवा काय कराना?” म्हणाला. मी पुन्हा डोलीत बसू लागले. पहिले काही महिने बरे गेले. मग उन्हाळा लागला, आणि एक दिवस तो धडगावच्या घाटापर्यंत जाऊन आला, तेव्हा स्वयंपाकघरात बसल्याबसल्या मला वास आला. लाखेचा. कासार लाखेच्या बांगड्या तापवतो तसा. बाहेर जाऊन पाहिलं तर डायनॅमोला हात लावता येत नव्हता.

कापसाच्या जिनातल्या इंजिनांवर काम करणारा मिस्तरी नंदुरबारहून आला. त्यानं डायनॅमो खोलला, काचकागदानं घासला, ब्रश बदलले, पुन्हा बसवला. शहाद्याला जाऊन येईपर्यंत पुन्हा तोच वास. “बाई, समदं बदलं, तरी तपस. आते देवच जाने,” म्हणाला आणि पायरीवर बसून त्यानं बिडी पेटवली. बॅटरी नवी, म्हणून तिचं झाकण कुणी उघडलंच नाही. पुतण्यानं गाडीच्या टाकीवर थाप मारली आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाला, “थकी गयी ती. तुन्हासारखी.” उद्या तो ती भंगारात देणार आहे. मग तो शहाद्याला दवाखाना मांडून बसेल आणि ज्यांना गरज ते तिथं येतील. “तूबी आते घर बस, मोठी माय. बहू व्हयनं तुन्हं,” असं म्हणाला. प्रेमानंच म्हणाला. त्याच्या आईनं माझ्यासाठी माजघरातली खिडकीजवळची जागाही ठरवून टाकली आहे.

आणि मी गप्प राहिले, नाना. मला माहीत आहे काय झालं आहे. बॅटरीचं पाणी आटलं आहे, दिवा नाही, वीज जायला जागा नाही. तुमच्या हिवतापाच्या गोळ्यांच्या, कोयनेलच्या डब्यात कापसात गुंडाळलेला एक बल्ब अजून आहे. पावसाच्या पाण्याची बरणी मी दरवर्षी भरते, घरातल्यांना वाटतं डाळीसाठी. तासाभराचं काम आहे. मिस्तरी बिडी ओढत होता, पुतण्या हात धूत होता, आणि मी त्या दोघांना चहा दिला. सांगितलं असतं तर परवा पुन्हा डोली. पुन्हा ती धूळ, गुडघ्यांत ते धक्के, कुठल्या तरी झोपडीत धुरानं चुरचुरणारे डोळे, आणि एखादं मूल निळं निघालं की त्याच्या आईकडे बघणं. माझे हात आता थरथरतात. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आज सकाळी पाड्यावरून एक माणूस उतरून आला. पावरा आदिवासी. उजाडायच्या आधी निघाला असणार, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. त्याच्या बायकोची आधीची दोन्ही मुलं गेली. तेव्हा मी नव्हते, तेव्हा कुणीच नव्हतं. आता तिचे दिवस पुनवेच्या आसपास भरतील. पुतण्यानं त्याला सांगितलं, गाडी बिघडली आहे, बायकोला शहाद्याला घेऊन ये. त्या पोटानं तिला घाट उतरवून आणायचं म्हणजे काय, ते तिघांनाही कळत होतं. मग तो माझ्याकडे वळला. “बाई, तू येशील ना?” मी म्हटलं, आधी जेव. आता तो अंगणातल्या निंबाखाली बसून भाकरी खातो आहे. पुतण्या झोपला आहे. ऊन उतरलं की तो माणूस परत निघेल, आणि जाताना पुन्हा विचारेल.

म्हणून हे लिहायला बसले. कुठं पाठवायचं नाही, कुणी वाचायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचं होतं. यंत्राबद्दल तुमचं बरोबर होतं, नाना. माणसाबद्दल नव्हतं. भार असला म्हणजे माणूस जळत नाही असं नाही, हळू जळतं एवढंच. त्या मागच्या खोलीत मी लवकर संपले असते, हे खरं. तुम्ही मला काम दिलंत म्हणून इतकी वर्षं चालले, हेही खरं. पण गाडीसारखाच माझाही खटका पहिल्याच पावसाळ्यात गेला होता, आणि बंद कसं व्हायचं हे तुम्ही मला शिकवलं नाहीत. तुम्हालाही ते येत नव्हतं. शेवटच्या दिवशीसुद्धा तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तापाची चौकशी करत होतात. बाजारातली माणसं त्या दिव्याचा जो अर्थ लावायची, तो मला अलीकडे पटायला लागला आहे. मलाही दारात दिवसाढवळ्या एक दिवा लावून बसावंसं वाटतं. इथं आता काही उरलेलं नाही, परत जा.

त्याची भाकरी संपली. हात धुऊन तो गाडीजवळ गेला आहे, आणि पुढच्या त्या फुटक्या दिव्याकडे वाकून बघतो आहे. त्यात त्याला काय दिसतं कोण जाणे.

नाना, एकदा, फक्त एकदाच म्हणा, “मालव आते, बेटा.” तुम्ही म्हणणार नाही, मला माहीत आहे. मघाशी भाकरी वाढायला उठले तेव्हाच पाण्याची बरणी आणि तो बल्बचा डबा मी उंबऱ्यावर नेऊन ठेवला आहे. तरी म्हणा.