बिल्ल्यामागची घडी

सोन-कुल कुरण,
४ ऑगस्ट

चि. बुरुल हिस आईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. घोड्या भरपूर दूध देताहेत. तुझे वडील गुडघ्याच्या नावाने बोटं मोडतात आणि दिवसभर घोड्यावरून उतरत नाहीत. इथे फोन लागत नाही, म्हणून गाडीवाल्या जोमार्तच्या हाती पत्र देते आहे.

पुढच्या महिन्यात एसेनला जाऊन वर्ष होईल. त्याच्या आशला, वर्षाच्या जेवणाला, सगळं गोत जमेल. तू शाळांना, लग्नांना बिल्ले करून देतेस ना, तसे आपल्या दादाचे कर. त्या दिवशीच्या शर्यतीतल्या घोडेस्वारांच्या छातीवर तो असू दे. फोटो सोबत आहे. हसताना तो या एकाच फोटोत सापडला. शेजारी तुझी वहिनी आहे, तिला काप. गेलेल्याच्या बिल्ल्यावर जिवंत माणसाचं तोंड आपल्यात चालत नाही, हे तुला सांगायला नको.

आणि खरं सांगू? मला ती तिथे नकोच आहे. आश झाली की तिचे वडील तिला माहेरी न्यायला येणार आहेत. कुंदूझ नाही म्हणाली नाही. मुलगा गेला, आता सूनही चालली. मी तिच्याशी बोलणं टाकलं आहे.

तुझी आई,
उलकान


नारीन,
११ ऑगस्ट

ती. आईस बुरुलचा शि. सा. सलाम, वि. वि.

पत्र आणि वाळल्या दह्याचं कुरुत पोचलं. निम्मं तुझ्या जावयाने उभ्या उभ्या संपवलं.

नमुन्याचा एक बिल्ला पाठवते. तो करताना यंत्राचा दांडा खाली दाबवेना, आई. मी खूप रडले. गोल कागद बिल्ल्याहून मोठा कापावा लागतो. कडेचा भाग पत्र्याच्या मागे दुमडला की पुढचा चेहरा ताणून बसतो. म्हणून वहिनीला पुरतं कापता आलं नाही. तिचा गाल आणि एक कर्णफूल मागच्या घडीत गेलं आहे. पुढून काही दिसत नाही.

आता रागावायचं तर रागाव. वहिनी नाही म्हणाली नाही, पण हो तरी कुठे म्हणाली? तू तिला विचारलंस का? हिवाळ्यात तुझ्या छातीत कफ भरला, तेव्हा तुझं सगळं तिने केलं, मी नव्हे. आशच्या दिवशी तिचे दुखवट्याचे काळे कपडे सासूनेच उतरवायचे असतात. ते काय तोंड फिरवून उतरवणार आहेस? तिचं वय तरी बघ.

बाबांना सलाम. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बुरुल


सोन-कुल कुरण,
१९ ऑगस्ट

चि. बुरुल हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. कुंदूझला घडीतसुद्धा ठेवायचं नाही म्हणून मी सुरीने बिल्ला उचकटला. घडी उलगडली आणि कुंदूझचा गाल बाहेर आला, एसेनच्या गालाला टेकलेला. ती कड कापायला गेले, तर एसेनचा चेहराच सैल पडला, कपाळावर सुरकुती आली. मी तशीच बसून राहिले.

तेवढ्यात कुंदूझ दुधाची बादली घेऊन आत आली. तिने सगळं पाहिलं. शेजारी बसली, हात पुसले, कागद सरळ केला आणि आपलाच गाल पुन्हा पत्र्यामागे दुमडून टाकला.

मग मी विचारलं. तिला जायचं आहे, बुरुल. ती नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. म्हणाली की, तिला पुन्हा संसार करावासा वाटतो, पण मला टाकून जायला पाय निघत नाही, म्हणून आजवर तोंड उघडलं नाही. दोघी रडलो. तुझे वडील दारातूनच मागे फिरले.

आशच्या दिवशी तिचे काळे कपडे मी उतरवीन आणि दुखवटा संपल्याचा पांढरा रुमालही तिच्या डोक्याला मीच बांधीन, तिच्याकडे बघून.

बिल्ले नमुन्यासारखेच कर. फक्त एक जास्तीचा कर, त्याच फोटोतला, पण कुंदूझचा. तिचं तोंड मधोमध घे आणि एसेनला मागच्या घडीत जाऊ दे. उद्या दुसऱ्या घरी नांदायला गेली, तरी तिला तो छातीला लावता येईल. कुणाला काही दिसणार नाही.

तुझ्यावर आणि तुझ्या खादाड नवऱ्यावर माया आहे, तशीच राहील.

तुझी आई,
उलकान