झोळ्यांची खोली

बाई, परवा वालीवच्या नाक्यावर ती भेटली. तिसरीतली ती, धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दाराशी उभी राहायची ती. आता वीसेक वर्षांची झाली आहे, एका कारखान्यात पॅकिंगला जाते. तिनं मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर द्यायला तुम्ही हव्या होतात, आणि तुम्हाला जाऊन तर किती वर्षं लोटली. तरी लिहायला बसले आहे, कारण तो प्रश्न मला दुसऱ्या कोणाजवळ काढता येत नाही.

मी अर्नाळ्याच्या शाळेत हजर झाले तेव्हा डी.एड. होऊन फार दिवस झाले नव्हते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडिलांनी वसईत एव्हरशाईनच्या वसाहतीत नुकतंच घर घेतलं होतं आणि मला सुक्या मासळीचा वास अजिबात सोसत नसे. तुम्ही मुख्याध्यापिका. वसई गावातल्या ख्रिस्ती घरच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात बारीकसा क्रूस, बोलणं मोजकं. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला सगळ्या वर्गांतून फिरवून आणलंत. पहिलीच्या वर्गात मुलींची दाटी होती, तिसरीत त्यांची बाजू जवळजवळ रिकामी. "या कुठे जातात?" मी विचारलं. "चल, दाखवते," तुम्ही म्हणालात. माझ्या टाचांच्या सँडल वाळूत रुतायला लागल्या तेव्हा तुम्ही वाटेतल्या दुकानातून प्लास्टिकच्या चपला घेऊन माझ्यापुढे टाकल्यात. नोकरीतली ती माझी पहिली भेटवस्तू.

कोळीवाड्यात दुपारची वेळ आहे. बाया बाजारातून परतल्या आहेत, काठ्यांवर बोंबील वाळताहेत, खाली जवळा पसरलेला आहे. तुम्ही पदर खोचता, त्यांच्यात बसता आणि जवळ्यातला कचरा निवडायला लागता. मी नाकाला रुमाल लावून उभी. थोड्या अंतरावर ती मुलगी भावाला मांडीवर घेऊन बसलेली. तुम्ही तिच्या आईला विचारता, ही शाळेत का येत नाही? आई हातातलं काम न थांबवता म्हणते, "बाई, ही साळंत बसली तं या पोराला कोन बगल? मी बाजारान जाव का याला घेऊन घरान बसू?" तुम्ही जरा वेळ निवडतच राहता. मग म्हणता, "त्याला पण शाळेत पाठव." सगळ्या बाया हसतात. तुम्ही हसत नाही.

परतताना तुम्ही मला सांगितलंत, योजना लिहून काढ. मी दोन रात्री जागून लिहिली. उद्दिष्टं, अपेक्षित फलनिष्पत्ती, मूल्यमापन, कॉलेजात शिकवलं होतं ते सगळं. तुम्ही उभ्याउभ्या वाचलीत आणि कागद टेबलावर ठेवलात. "बाळाला जुलाब झाले तर धुवायला पाणी कुठून आणायचं, ते यात कुठे आहे?" मी कागद पुन्हा चाळला. "बाळ रडायला लागलं तर बहिणीनं वर्गातून उठायचं की नाही? आई बाजारातून उशिरा आली तर खोलीला कुलूप कोण लावणार? हे लिही. उद्दिष्टं मागाहून बघू." तेव्हा मला ते फार लागलं होतं. नंतर कित्येक नव्या उपक्रमांच्या बैठकांत मी बसले, कित्येक योजना लिहिल्या, पण लिहायला घेतलं की पहिली ओळ तुमच्या त्या आवाजातच येते.

मोडके बाक ठेवायची कोपऱ्यातली खोली आपण रिकामी केली. बायांनी तुळयांना जुन्या जाळ्यांच्या झोळ्या बांधल्या, आत लुगडी घातली. ज्या दिवशी जिला बाजार नसेल तिनं बसायचं, असं ठरलं. पाणी प्रत्येकीनं घरून कळशीभर आणायचं. मग मुली यायला लागल्या, कडेवर भावंडं घेऊन, आधी बिचकत, मग रांगेनं. भावंडाला झोळीत टाकायचं आणि वर्गात पळायचं. ती मुलगी तर पहिले काही दिवस धडा अर्धा सोडून बघून यायची, भाऊ आहे ना जागेवर. पुढे पुढे तीही विसरायला लागली. एकदा कविता म्हणताना ती इतकी रंगली की झोळीतल्या भावानं भोकाड पसरलेलंही तिला ऐकू आलं नाही. तुम्ही व्हरांड्यात उभ्या होतात. तुम्हीच आत जाऊन त्याला उचललंत, आणि खांद्यावर थोपटत कविता संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिलात. तुमचा चेहरा तसा मी पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात गावात उलट्याजुलाबाची साथ आली. शाळेत न येणाऱ्या घरांतही माणसं आजारी होती, सगळ्यांच्या कळशा एकाच विहिरीच्या. पण तिचा भाऊ गेला. त्याला घेऊन विरारच्या दवाखान्यात निघाले होते, वाटेतच गेला. दुसऱ्या दिवशी आपण दोघी त्यांच्या घरी गेलो. आई भिंतीला टेकून बसली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्याकडं बरा ऱ्हायचा हो तो. रडत नव्हता." तुम्ही तिच्यासमोर खाली बसलात. मुलगी चुलीजवळ उभी राहून तुमच्याकडे बघत होती.

गावात त्या खोलीबद्दल बोलणं सुरू झालंच. शिक्षण खात्याचे साहेब आले, खोलीत डोकावले, म्हणाले, "बाई, ही शाळा आहे की पाळणाघर? परवानगी कुणाची?" त्याच संध्याकाळी स्टुलावर चढून एकेक झोळी तुम्ही स्वतः सोडवलीत, मला हात लावू दिला नाहीत. बाकीच्या मुली हळूहळू भावंडांसकट घरी बसल्या. ती मात्र यायला लागली. रोज, प्रार्थनेच्या आधी, वेणी घालून. तिच्या कडेवर आता कोणी नव्हतं ना. पहिल्या बाकावर बसायची. तुम्ही त्या वर्गावर जाणं बंद केलंत. ती व्हरांड्यात समोर आली की तुम्ही ऑफिसात वळायचात. मी ते बघत होते. पुढच्या लेंटच्या, ईस्टरआधीच्या उपासांच्या दिवसांत तुम्ही अंथरूण धरलंत आणि ईस्टर पाहिला नाहीत. तुमच्या अंत्यविधीला चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले होते. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे मला कळत नव्हतं, शेजारची बाई खुणेनं सांगत होती.

परवा नाक्यावर रिक्षाची वाट बघत आम्ही उभ्या होतो. लग्न ठरलंय म्हणाली. सातवीपर्यंत शिकले, पुढं नाय जमलं म्हणाली. मग एकदम विचारलं, "बाई, मोठ्या बाई माज्यावर का रागावल्या होत्या? भाऊ गेला तवापासून त्या माज्याशी बोलल्याच नाय. मी त्याला साळंत आनला म्हनून?"

इतकी वर्षं ती हे घेऊन फिरत होती, बाई. तुम्हाला वाटलं असेल की आपल्याला बघून तिला त्रास होतो, आपण लांब राहावं. तिला वाटलं, भाऊ गेला तो तिच्यामुळे, आणि मोठ्या बाईंनाही तसंच वाटतं. मी तिचा हात धरला आणि सांगितलं, अगं, तुझ्यावर कशाला रागावतील, त्यांना तुझ्याकडे बघवत नव्हतं, त्यांना वाटायचं आपणच ती खोली काढली म्हणून हे झालं. तिनं ऐकून घेतलं. रिक्षा आली. चढता चढता म्हणाली, "मंग तसं सांगायचं ना त्यांनी." आणि गेली.

मी तिला ते अगदी ठामपणे सांगितलं, जणू तुम्ही कधी मला जवळ बसवून बोलला होतात. तसं काही झालंच नव्हतं. त्या शेवटच्या वर्षात तुम्ही माझ्याशीही कामापुरतंच बोलत होतात. डबा आपापला, घरी जायची एसटीही वेगवेगळी. मी खिडकीशी बसून रोज विचार करायचे, माझं काय चुकलं. तुमच्या बाजूनं मी तिला जे सांगितलं ते मी स्वतःच्या समजुतीसाठी कधीतरी जुळवलेलं आहे. खरं काय होतं ते मला माहीत नाही.

हे पत्र घडी करून कपाटात ठेवीन, दुसरं काय करणार. शाळेत तुमच्याबद्दल कोणी विचारलं तर मी चांगलंच बोलते आणि ते खोटं नसतं. पण ती रिक्षात बसून गेल्यावर मला जे वाटलं ते तुम्हाला सांगायला हवं. मला तुमचा राग आला, बाई. बहुतेक तो तेव्हापासूनच होता.