विनोदाचा उपास

१७ फेब्रुवारी, मंगळवार. बारामती
आले: ह्यांच्या विनोदांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीचा गठ्ठा, पुण्याहून. प्रती लेखकाला फुकट, स्टँडवरून घरी आणायची रिक्षा ६०. गूळ २ किलो ११०. शेंगदाणे १ किलो १४०. मेणबत्त्या १ पाकीट ४०. रद्दी गेली, वजा ८५.
उद्या राखेचा बुधवार, ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू. दरवर्षी हे उपवासकाळात चहा सोडतात आणि तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी घरी पितात. ह्या वर्षी मी जरा टोचून बोलले, "खरंच जड जाईल असं काहीतरी सोडा." रात्री जेवताना म्हणाले, "रेडिओवर विनोद सोडतो. ईस्टरपर्यंत." मला हसू आलं. हे हसले नाहीत.

१८ फेब्रु., बुध.
साडेसहाला रेडिओ लावला. 'चहाआधी' हा ह्यांचा कार्यक्रम. कारखान्यात टर्नर होते तेव्हा जेवणाच्या सुट्टीत वालचंदनगरच्या पोरांना हसवायचे, रिटायर झाल्यावर गेली अकरा वर्षं तेच इथल्या रेडिओ केंद्रावर. सगळा तालुका 'अंतोनतात्या' म्हणतो. आज तात्यांनी राम राम केला, बाजारभाव वाचले, हवामान वाचलं, एक गाणं लावलं, रजा घेतली. एकही विनोद नाही. का नाही, तेही सांगितलं नाही.
संध्याकाळी चर्चहून आल्यावर विचारलं, लोकांना सांगायला काय झालं? फादरनी कपाळाला लावलेली राख पुसत म्हणाले, "आजचं शुभवर्तमान ऐकलंस ना? उपास करशील तेव्हा तोंड धू, गाजावाजा करू नको." बरोबर आहे. पण तिथं उपास करणाऱ्याचा रेडिओवर कार्यक्रम आहे असं कुठं लिहिलंय?

२० फेब्रु., शुक्र.
चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना करून आले तर फोन. केंद्राच्या प्रमुख शेंडगे मॅडम. "काकू, तात्यांची तब्येत बरी आहे ना? घरात काही कुरबुर?" म्हटलं काही नाही. "मग हे असं तेराव्याला बसल्यासारखं का बोलतात?" मी सांगू शकत नव्हते. मॅडमना वाटलं असणार, कुरबुरच आहे.

२३ फेब्रु., सोम.
आजचं लिहिलंच पाहिजे.
दुपारी दारात कऱ्हाटीचे एक आबा आणि त्यांची बायको. ओळख ना पाळख. मावशींच्या डोक्यावर पाटी, वर फडकं. फडक्याखाली पिठलं, भाकरी, कांदा. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारीपाजारी नेतात, ते.
आबा टोपी काढून बसले. "कोन गेलं, ताई?"
"कुणी नाही हो."
"आमच्यापसनं नका लपवू. माणूस असा बोलत न्हाय उगं. आमची म्हस धार देईना झाली, तात्याचा आवाज ऐकून."
"तिला तात्याचं काय हो," मावशी म्हणाल्या, "धार काढनाराच रेडिओपाशी तोंड पाडून बसतुय."
मी पुन्हा पुन्हा सांगितलं, सगळे सुखरूप आहेत. पाटी परत न्या म्हटलं. मावशी दचकल्या. "अगं बया, ही भाकर मागारी न्हेत न्हाईत. आमच्या घरावर पाळी आनायची का?" ठेवून गेल्या. एस.टी.नं आले होते बिचारे. शेंगदाणे बांधून दिले.
हे आले, पाटी बघितली, सगळं ऐकलं. हातपाय धुतले, पाटावर बसले. म्हणाले, "वाढ लवकर. मयताला भूक लागलीय."
मी पदर तोंडाला लावून हसले, नंतर पदर काढून हसले. इतक्या वर्षांत घरात हे असं कधी बोललेले नाहीत. घरी पेपर आणि हं, हं.

२ मार्च, सोम.
मनात एक विषय सारखा घोळतोय. रेडिओवर उपास पाळतात, पण स्वैपाकघरात रोज एक तरी विनोद सुटतो. गॅसवाल्यावर, माझ्या मिसळणाच्या डब्यावर, माझ्या हिशोबावर सुद्धा ("देवाच्या दरबारात ही चित्रगुप्ताला पावती मागेल." चित्रगुप्त आपला नाही म्हटलं, तर म्हणे मग स्वर्गाच्या दारातल्या संत पेत्राला माग). अकरा वर्षं मी हा माणूस इतरांबरोबर फुकट ऐकला. आता सगळ्यांच्या आधी ऐकते. पण उपास मोडला का?
काल चर्चमध्ये मिस्सानंतर फादरना विचारलं. फादर आधी हसले. "उपास रेडिओचा आहे. घरचा नाही." मग निघता निघता, "पण बाई, उपास आपल्या ताटातलं काढून करायचा असतो. अंतोनने लोकांच्या ताटातलं काढलं की काय, ते बघा."
हे कुठं बघायचं? विनोद सांगणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा? घरी येईपर्यंत विचार करत होते. साखर आणायची राहिली.

९ मार्च, सोम.
शें. मॅडम स्वतः घरी. चहा घेतला, बिस्किट नाही. कार्यक्रमाच्या जाहिराती देणारा खतबियाण्यांचा दुकानदार म्हणतो, रडक्या माणसाच्या तोंडी माझ्या दुकानाचं नाव नको. केंद्राच्या समितीत विषय निघालाय. साडेसहाची वेळ सिनेमाच्या गाण्यांना द्यावी असं दोघातिघांचं मत.
"ईस्टरपर्यंत थांबा," मी म्हटलं.
"ईस्टर कधी?"
"ते चंद्रावर असतं."
मॅडमनी कप खाली ठेवला. "काकू, निदान तुम्ही तरी चेष्टा नका करू." मग तारीख पौर्णिमा बघून ठरते म्हणाले, ५ एप्रिल सांगितलं. बाकी नाही सांगितलं, पण त्यांना कळलं असावं. जाताना दारात म्हणाल्या, "उपास आहे का हो?" मी चपला सरळ करत राहिले.
कार्यक्रम गेला तर ह्यांचं काय होईल? मानधन जाईल ते जाईल, त्यात भागवता येतं. पहाटे उठून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी जाणारा माणूस उद्यापासून उठणार कशासाठी?

१६ मार्च, सोम.
नवीनच. बाजारभाव संपले, गाण्याला वेळ उरला, हे म्हणाले, "आज तुमी बोला, मी ऐकतो." आणि फोन सुरू. लोकांना अजून वाटतंय, तात्याच्या घरी काहीतरी झालंय. म्हणून ते तात्याला हसवायला बघतायत!
इंदापूरची एक सून: "तात्या, सासूबाई म्हनल्या, तुजी भाकर चंद्रावानी हाय. म्हनलं गोल व्हय? तर म्हने न्हाय, डाग हायत."
आधी ह्यांची खुर्ची करकरली. मग खोकला. तो खोकला नव्हता. मी ओळखते.
एक ट्रकवाला हायवेवरून, मागे हॉर्न: "तात्या, हसा की! डिझेल जाळतोय उभा राहून!"
माझी पोळी करपली.

२३ मार्च, सोम.
फोन थांबत नाहीत. आठवडाभर रोज. पण दुकानदारानं जाहिरात काढली ती काढलीच. मॅडम म्हणतात समिती फोन मोजत नाही, कागदावर आलेलं बघते.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
चर्चमधून आशीर्वादाची झावळी घेऊन आलो, भिंतीवरच्या क्रुसामागे खोवली. ह्यांनी पंख्याखाली बसून जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. "ईस्टरनंतर विनोद सांगू का नको, कळत नाही. लोकांचे माझ्यापेक्षा बरे आहेत. मला आता भीती वाटते गं."
मी म्हटलं, घरी तर सांगता. "घरी तू समोर असतेस. तिथं काच आणि माईक. कोण हसलं ते कधी कळलंच नाही मला. आजवर विचार केला नव्हता, आता केला."
म्हणजे उपासानं हे दिलं. चांगलं की वाईट, प्रार्थनेत विचारते. 

३ एप्रिल, शुक्र.
गुड फ्रायडे, प्रभूचं दुःखस्मरण. एक वेळ जेवण. रेडिओवर नुसते बाजारभाव, फोन बंद ठेवले. आज ह्यांनाच तसं हवं होतं.

६ एप्रिल, सोम.
काल सण चांगला झाला. मटण अर्धा किलो, बाकी काटकसर.
आज साडेसहा. मी ओट्याला धरून उभी. राम राम झाला. मग बाजारभावाचा कागद बाजूला ठेवल्याचा आवाज आला. म्हणाले, "मंडळी, आमच्या घरी सगळे खुशाल आहेत. माझा विनोदाचा उपास होता, काल सुटला. काल फादरनी विचारलं, अंतोन, यंदा काय सोडलंस? म्हटलं, विनोद. फादर म्हणाले, असं होय? अरे, कुणाला फरक कळला नाही."
फादरना केव्हाचं ठाऊक, म्हणजे हा रचलेला; घरात सांगितलेला नव्हता. मी एकटी स्वैपाकघरात मोठ्यानं हसले. चहा उतू गेला. पण बाकी तालुक्यात काय झालं? एकही फोन आला नाही. हसत होते की रागावले, चाळीस दिवस फसवलं म्हणून?
घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कसं झालं?" लग्नापासून पहिल्यांदा. म्हटलं, पहिला झकास. पुढचे दोन लांबले. मान हलवली, पेपर उघडला नाही.

७ एप्रिल, मंगळ.
समिती शुक्रवारी बसणार. कागदावर आलेलं बघतात ना? मग मीही श्रोताच आहे. मॅट्रिकला मराठीत बरे मार्क होते. लिहिलं, इथं उतरवून ठेवते:
"मा. शेंडगे मॅडम यांस, सा. न. मी 'चहाआधी'ची रोजची श्रोती. अंतोनरावांची पत्नी आहे, हे लपवत नाही, म्हणून माझं मत धरू नये. कार्यक्रम ठेवाच असंही म्हणत नाही. एवढंच विचारायचं, सोमवारी तुमच्या तिथं काचेपलीकडे कुणी हसलं का? आणि शुक्रवारी जे ठरेल ते आधी फोनवर ह्यांना सांगू नये. मला कळवावे. ह्यांना ते जेवण वाढल्यावर मला सांगायचं आहे, समोर बसून. पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडले आहे. कृपया उलट टपाली कळवावे."